रात्री बाराला बदलणारे पुस्तक

घरफोडी कधी झाली ते सांगता येते: मंगळवारी, पहाटे तीनला. पण अपहरण? माणूस उचलल्यापासून तो सुटेपर्यंत तो गुन्हा घडतच असतो. आणि त्या मधल्या काळात शिक्षेचा नियमच बदलला तर?

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत शिक्षेचे हिशेब करायचे एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात एक तक्ता आहे. उभ्या बाजूला गुन्ह्याच्या गंभीरतेच्या 43 पायऱ्या, आडव्या बाजूला आरोपीच्या पूर्वेतिहासाचे 6 रकाने. दोन्ही रेघा जिथे मिळतात, त्या चौकटीत किमान आणि कमाल महिने छापलेले! पहिले पुस्तक 1 नोव्हेंबर 1987 ला लागू झाले. पुढचे बदलही बहुधा 1 नोव्हेंबरलाच लागू होतात.

निकालाच्या दिवशी लागू असलेले पुस्तक वापरायचे, हा नियम. मात्र ते गुन्ह्याच्या वेळच्या पुस्तकापेक्षा कडक असेल, तर जुने घ्यायचे. कारण मागाहून वाढवलेली शिक्षा तिथली राज्यघटना लादू देत नाही. (आपल्या राज्यघटनेचे कलम 20(1) हेच अभय देते.) आणि घ्यायचे ते अख्खे पुस्तक. दोन्हींतले सोयीचे तेवढे वेचता येत नाही.

फरक केवढा पडतो पाहा. इलिनॉयमधल्या एका धान्य व्यापाऱ्याने 1999-2000 मध्ये बँकांना फसवले. 1998 च्या पुस्तकाप्रमाणे 30 ते 37 महिने, 2009 च्या पुस्तकाप्रमाणे 70 ते 87. त्याला 70 महिने सुनावले गेले. जून 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चूक ठरवले. 2005 पासून हे पुस्तक न्यायाधीशांवर बंधनकारक नव्हते, तरीही!

त्याचे गुन्हे नवे पुस्तक येण्याआधीच संपले होते. कट मात्र चालूच राहतो. समजा, 31 ऑक्टोबरच्या रात्री कटातला एकजण गाढ झोपला आहे. बारा वाजतात, कडक पुस्तक लागू होते, सकाळी साथीदार कामाला लागतात. आता सगळ्या कटाला नवे पुस्तक, आदल्या दिवसांच्या कृत्यांसकट. मला यात न्याय दिसतो: नियम जाहीर झाला होता, बाहेर पडायला वाट होती.

पण आपण बाहेर पडलो, हे सिद्ध करायचे त्यानेच. नुसते गप्प बसणे म्हणजे बाहेर पडणे नव्हे, असे त्याच न्यायालयाने जानेवारी 2013 मध्ये एकमताने सांगितले आहे.