घरच्या चित्रगृहात अग्रमान ध्वनीचा
घरी चित्रगृह उभारू इच्छिणारा नवशिक्या बहुधा पडद्याच्या आकारावरच सारी शिल्लक खर्ची घालतो. परंतु माझ्या मते अग्रमान ध्वनीचा, आणि त्यातही पडद्यालगतच्या मधल्या स्पीकरचा आहे, कारण चित्रपटातील बहुतेक संवाद त्याच्यातूनच ऐकू येतात. ५.१ रचनेत, म्हणजे पाच स्पीकर व एक सबवूफर (गंभीर नादाचा स्पीकर) अशा मांडणीत, पुढील दोन स्पीकर श्रोत्याच्या समोरील रेषेपासून दोहों बाजूंस सुमारे ३० अंशांवर, कानांच्या उंचीवर, आणि बाजूचे दोन ११० अंशांवर, म्हणजे किंचित पाठीमागे, ठेवावेत. ८० हर्ट्झखालील गंभीर नाद सबवूफरच्या हवाली करावा. पडद्याबाबत म्हणाल तर, ५५ इंची पडद्यापासून सुमारे ७.५ फुटांवर बैठक असावी. खोलीचाही ध्वनीवर परिणाम होतो: उघड्या भिंती व गुळगुळीत फरशी ध्वनी परतवून शब्द अस्पष्ट करतात, म्हणून महागड्या यंत्राच्या खरेदीपूर्वी जाड पडदे व जाजम यांची तजवीज अवश्य करावी.