पाणी गावाचं, आराम हॉटेलचा

सान काशानो देई बान्यी हे गाव टेकडीच्या माथ्यावर आहे. गावातून ऑलिव्हच्या बागांमधून एक वाट खाली उतरते आणि दहा-पंधरा मिनिटांत जुन्या दगडी हौदांपाशी येऊन थांबते. हौदांतून वाफ निघत असते. हिवाळ्याच्या सकाळी गावातले दोन-चार म्हातारे गळ्यापर्यंत पाण्यात बसून गप्पा मारताना दिसतात, त्यांचे कपडे काठावरच्या दगडावर ठेवलेले असतात. याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला फोंतेवेर्दे नावाचं आलिशान हॉटेल आहे. तिथेही लोक गळ्यापर्यंत पाण्यात बसलेले असतात, फक्त त्यांच्यासाठी काठावर पांढरेशुभ्र टेरीकापडाचे झगे घडी घालून ठेवलेले असतात. दोन्हीकडचं पाणी एकाच डोंगराच्या पोटातलं. एका ठिकाणी माणूस फुकट बसतो, दुसऱ्या ठिकाणी चांगली घसघशीत रक्कम मोजून. मग हॉटेल नेमकं विकतं काय?

हे गाव इटलीतल्या तोस्काना प्रांतात, सिएना जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. इथून लात्सियो आणि उंब्रिया या शेजारच्या प्रांतांच्या सीमा हाकेच्या अंतरावर. समुद्रसपाटीपासूनची उंची ५८० मीटरच्या आसपास, वस्ती जेमतेम दीड हजार. जवळचं मोठं स्टेशन रोम-फ्लॉरेन्स लोहमार्गावरचं क्यूझी. 'बान्यी' म्हणजे स्नानगृहं, न्हाण्याच्या जागा. गावाच्या नावातच गरम पाणी आहे. आपल्याकडे कोकणात गरम झऱ्यांवरून उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे अशी गावांची नावं पडली, तसंच हे.

गावाच्या हद्दीत ४२ झरे असल्याचं सांगतात. पाण्याचं तापमान साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आगेमागे. ही उष्णता येते कुठून, हे समजायला आजूबाजूचे डोंगर पाहावे लागतात. एका बाजूला चुनखडीचा मोन्ते चेतोना, दुसऱ्या बाजूला १७३८ मीटर उंचीचा मोन्ते आमियाता. आमियाता हा विझलेला ज्वालामुखी, पण त्याच्या खालची जमीन अजून निवालेली नाही. या भागात जमिनीखालच्या वाफेवर वीज तयार होते, ती याच उष्णतेच्या जोरावर. डोंगरावर पडलेला पाऊस चुनखडीच्या भेगांमधून खोल मुरतो, खाली तापतो, वाटेतल्या खडकांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट आणि फ्लोराइड विरघळवून घेतो आणि जिथे खडकाला तडा गेलेला असेल तिथून वर येतो. आज अंगावर घेतलेलं पाणी कधी काळी पडलेला पाऊस असतं.

या भागातल्या पाण्याचा मोठेपणा माणसांना फार आधी कळला होता. रोमन कवी होरेस याने आपल्या एका पत्रकाव्यात क्यूझीच्या झऱ्यांचा उल्लेख केला आहे. सम्राट ऑगस्टसचा वैद्य अंतोनियस मूसा याने थंड पाण्याच्या उपचारांची टूम काढली आणि समुद्रकाठच्या गरम स्नानगृहांऐवजी लोक डोकं आणि पोट या झऱ्यांखाली धरू लागले, असा त्याचा सूर. म्हणजे स्पाची फॅशन बदलणं आणि डॉक्टरच्या सांगण्यावरून श्रीमंतांनी गावं बदलणं, हे दोन हजार वर्षांपूर्वीही चाललेलं होतं.

होरेसच्याही आधी इथे एट्रुस्कन, म्हणजे रोमनांपूर्वी या भागात नांदणारे लोक होते. पण त्यांची इथली खरी ओळख पटली ती अलीकडे. २०१९ साली त्या फुकटच्या दगडी हौदांच्या शेजारी, बान्यो ग्रांदे नावाच्या जागी, उत्खनन सुरू झालं. सिएना इथल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ याकोपो ताबोल्ली त्याचे प्रमुख. आधी वेद्या सापडल्या. त्यांवर अपोलो, इसिस आणि फोर्तुना या देवतांची नावं होती. मग एक प्राचीन पवित्र कुंड उघडं पडलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बातमी जाहीर झाली आणि जगभरच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर या छोट्या गावाचं नाव झळकलं: कुंडाच्या तळाशी गरम चिखलात काशाच्या २४ मूर्ती आणि ५ हजारांहून अधिक नाणी सापडली होती. मूर्ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंतच्या. काही जवळजवळ मीटरभर उंच. १९७२ साली रियाचे इथे समुद्रातून दोन योद्ध्यांचे काशाचे पुतळे निघाले होते, त्यानंतर इटलीत असं काही सापडलं नव्हतं, असं जाणकार म्हणाले.

काशाच्या प्राचीन मूर्ती सहसा उरत नाहीत. काळाच्या ओघात कुणीतरी त्या वितळवतो आणि धातू दुसरीकडे वापरतो. इथे त्या वाचल्या, कारण त्या चिखलात होत्या आणि चिखलावर सतत गरम, खनिजयुक्त पाणी होतं. हवा पोचली नाही, म्हणून धातू टिकला आणि त्यावरची अक्षरंही टिकली. एट्रुस्कन आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांतले लेख त्या मूर्तींवर आहेत. बाहेर रोम आणि एट्रुस्कन नगरं यांच्यात सत्तेची झटापट चालली होती आणि इथे दोन्हीकडची माणसं एकाच कुंडात आपापल्या भाषेत नवस बोलत होती. दुखणाऱ्या गुडघ्याला कुणाचं राज्य आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

मूर्तींमध्ये देव होते: अपोलो, आरोग्याची देवी हायजिया. कुंडाच्या काठावर निवांत पहुडलेला एक तरुणही होता. पण पाहणाऱ्याच्या मनात घर करतात ते सुटे अवयव: काशाचे कान, हात, पाय, गर्भाशय. जो अवयव दुखतो त्याची प्रतिकृती करून पाण्याला वाहायची, अशी ती रीत. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय विकत घेऊन वाहणाऱ्याला ही रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा धर्म झाल्यावर, हे देवस्थान बंद करण्यात आलं. मात्र मूर्तींची मोडतोड झाली नाही. कुंड मिटवून वरून मोठे दगडी खांब आडवे टाकले गेले, एखाद्याला नीट पांघरूण घालावं तसे. देव गेले, पाणी मात्र वाहतच राहिलं आणि लोक त्यात बसतच राहिले. मध्ययुगात आले, त्यानंतरही आले. कपडे धुणाऱ्या बायकाही याच पाण्यावर येत.

हॉटेलची गोष्ट सुरू होते ती सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक फेर्दिनांदो पहिला, म्हणजे मेदिची घराण्याचा राजा, याने इथल्या झऱ्यावर कमानींचा एक देखणा मंडप बांधून घेतला. राजाला उपचार घ्यायचे तर डोक्यावर छप्पर हवं आणि बसायला ऐसपैस जागा हवी. फोंतेवेर्दे आज उभं आहे ते याच मेदिची वास्तूभोवती. चारशे वर्षांपूर्वीच्या कमानी, त्यांच्यापुढे त्रावेर्तिनो दगडाने मढवलेली कुंडं आणि कुंडांच्या कडेपलीकडे एकदम उतरत गेलेलं खोरं. पाण्यात हनुवटीपर्यंत बसलं की समोर शेतं, सुरूची झाडं आणि स्वच्छ दिवशी आमियाताची निळसर रेघ दिसते.

इथला दिवस कसा जातो? सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही, हीच त्याची खासियत. पाहुणा खोलीतून निघतो तोच झगा आणि सपाता घालून. जेवणाची वेळ सोडली तर दिवसभर हाच पोशाख. उद्योगपती असो की निवृत्त शिक्षिका, झगा सगळ्यांना सारखाच, त्यामुळे कोण कोण आहे हे कळत नाही आणि तासाभराने जाणून घ्यायची इच्छाही राहत नाही. एका कुंडात पाण्याचे फवारे क्रमाने लावलेले असतात: आधी पावलांना, मग पोटऱ्यांना, मग कमरेला, शेवटी मानेला. एका जागी थोडा वेळ थांबायचं आणि पुढच्या फवाऱ्याकडे सरकायचं. त्यानंतर वाफेची खोली, मग थंड पाणी, मग आडवं पडून राहणं. चिखलाचा लेप हा वेगळा सोहळा. माती गरम खनिजपाण्यात भिजवत ठेवून मुरवायची आणि मग कढत कढत अंगावर थापायची. त्यानंतर माणूस गुंडाळलेल्या पोळीसारखा निपचित पडून असतो. या हॉटेलात पाळीव कुत्र्यांसाठीही गरम पाण्याचं वेगळं कुंड आहे. एट्रुस्कनांनी कानाची मूर्ती वाहिली, पण त्यांनाही हे सुचलं नव्हतं.

संध्याकाळी ताटात याच भागातलं जेवण असतं: हाताने वळलेल्या पिची नावाच्या जाड शेवया, पिएन्त्साचं मेंढीच्या दुधाचं चीज, टेकडीवरच्या ऑलिव्हचं तेल. शेतातून येणारं आणि डोंगरातून येणारं एकाच मुक्कामात पोटात आणि अंगावर जातं.

इटलीत या सगळ्याकडे केवळ चैन म्हणून पाहत नाहीत. उष्ण झऱ्यांवरच्या उपचारांसाठी २००० सालचा ३२३ क्रमांकाचा स्वतंत्र कायदा आहे. मान्यताप्राप्त केंद्रात डॉक्टर असावा लागतो. सांधेदुखी, श्वसनाचे काही जुने विकार, त्वचेचे विकार अशा ठरावीक कारणांसाठी घरच्या डॉक्टरने चिठ्ठी दिली, तर सरकारी आरोग्यसेवेच्या खर्चाने वर्षातून एकदा बारा दिवसांचा उपचारक्रम घेता येतो. रुग्णाला थोडा वाटा भरावा लागतो. आणि महत्त्वाचं म्हणजे खनिज आणि उष्ण पाण्याचे झरे तिथे सार्वजनिक मालमत्ता मानले जातात. हॉटेलवाल्याला पाणी वापरायचा हक्क ठरावीक मुदतीसाठी सरकारकडून मिळतो. झऱ्याचा मालक तो कधीच होत नाही.

पाण्याने बरं वाटतं का? वाटतं, आणि त्यामागे चमत्कार नाही. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर येणारं वजन जवळजवळ दहाव्या हिश्शावर येतं. झिजलेल्या गुडघ्याला एवढी सुटी एरवी मिळत नाही. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैल पडतात. गुडघ्याच्या जुनाट संधिवातात अशा स्नानाने वेदना काही काळ कमी होतात, असं काही अभ्यासांत दिसलं आहे, मात्र हे अभ्यास बहुतेक छोटे आहेत. पाण्यातलं नेमकं कोणतं खनिज काय करतं, यावर अजून एकमत नाही. उलट हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर गरम कुंडात उतरण्याआधी डॉक्टरला विचारलंच पाहिजे, आणि धडधाकट माणसानेही एका दमात पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. उठताना घेरी येते ती याच चुकीने.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. पाणी सरकारचं, उष्णता डोंगराची, देखावा सगळ्यांचा. हॉटेल विकतं ती सवड. घड्याळ, फोन, कामांची यादी आणि अंगावरचे नेहमीचे कपडे ही चार ओझी दोन-तीन दिवस कुणीतरी सांभाळून ठेवतं, त्याचे हे पैसे. प्राचीन भाविक कुंडात नाणं टाकायचा, आजचा पाहुणा खिडकीवर कार्ड पुढे करतो. दोघांचीही अपेक्षा एकच असते: आत जाताना होतो त्यापेक्षा थोडं हलकं होऊन बाहेर यावं. त्यात फसवणूक नाही. सवड ही विकत घ्यावी लागते इतकी दुर्मीळ झाली, हा दोष हॉटेलचा नाही.

पण या व्यवहाराला किंमत आहे ती शेजारचे हौद उघडे आहेत म्हणून. गरम पाण्याच्या जागी आधी मंदिर आलं, मग राजाचा मंडप, मग हॉटेल. तिन्ही काळांत सामान्य माणसाला पाण्यापर्यंत जायची वाट राहिली. ती वाट बंद झाली असती तर फोंतेवेर्दे हे जगातल्या इतर शंभर महागड्या स्पांसारखं एक झालं असतं. आज गावाला मूर्तींमुळे नवी प्रतिष्ठा मिळाली आहे. त्या २०२३ साली रोममध्ये राष्ट्राध्यक्षांच्या क्विरिनाले राजवाड्यात मांडल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी गावातच, एका सोळाव्या शतकातल्या वाड्यात, संग्रहालय करायचं ठरलं आहे. येणाऱ्यांची संख्या वाढेल तशी त्या हौदांवर डोळा ठेवणारेही वाढतील. गावाने ते सांभाळावेत.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, तर ऐपत असेल तशी हॉटेलात एखादी रात्र काढा. पण एक पहाट त्या दगडी हौदांसाठी राखून ठेवा. तिथे तिकीट नाही, कपडे बदलायला खोली नाही आणि टॉवेलही कुणी देत नाही. आपला पंचा घेऊन जा.