फुकट शिकवणारे मास्तर

बडोद्याच्या समा भागातल्या मुलाला सेंद्रिय रसायन शिकायचं, तर पंचवीस वर्षांपूर्वी रस्ते मोजकेच होते. विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात मॉरिसन-बॉइडची प्रत मोकळी होण्याची वाट बघायची. नाहीतर आधीच्या मालकाने समासात बाण काढून ठेवलेला जुना फायनर कुणाकडून तरी मिळवायचा. नाहीतर क्लास लावायचा. गंमत अशी की वडील बहुधा फर्टिलायझरनगरला, आयपीसीएलला किंवा कोयलीच्या रिफायनरीत असायचे. म्हणजे घर सेंद्रिय रसायनावरच चालायचं, आणि त्याच विषयाचं पुस्तक विकत घेताना मात्र दोनदा विचार व्हायचा. मी त्या काळापासून इथे बारावी आणि बी.एस्सी.च्या मुलांना शिकवतो. फुकट मिळणारं साहित्य एकेक करून या घरांत येत गेलं, ते जवळून बघितलं.

मोफत शिक्षणाचं बडोद्याला तसं नवल नसावं. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. रसायन तर त्याआधीच आलं होतं. १८९० साली निघालेल्या कलाभवनाचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रंगांच्या रसायनातले जाणकार. १८९६ मध्ये दामोदर चाफेकरांनी मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं, तेव्हा तो संगमरवर पुन्हा पांढरा करून दाखवला तो याच गज्जरांनी. (मराठी घरांत ही गोष्ट सांगताना आपण चाफेकरांपाशीच थांबतो, डांबर कसं काढलं हे कुणी विचारत नाही.) पुढे १९०७ मध्ये गज्जरांच्या पाठिंब्याने कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी ॲलेम्बिक काढली.

इंटरनेटवरच्या सेंद्रिय रसायनाची सुरुवात मात्र कुठल्या राजाने किंवा सरकारने केली नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या विल्यम रॉइश नावाच्या प्राध्यापकाने १९९९ मध्ये आपलं अख्खं पाठ्यपुस्तक, सोडवायच्या प्रश्नांसकट, सगळ्यांसाठी खुलं केलं. रंगीबेरंगी, जरा ओबडधोबड पानं. पण आकृत्या हलक्या असल्यामुळे सायबर कॅफेच्या तासाभरात बरीच उघडायची. माझे त्या वेळचे विद्यार्थी ती छापून घ्यायचे आणि झेरॉक्सची झेरॉक्स वर्गात फिरायची. विस्कॉन्सिनच्या हान्स राइश यांनी एनएमआरच्या टिपणांचा आणि आम्लतेच्या तक्त्यांचा जो संग्रह मांडला, तो आजही एम.एस्सी.च्या मुलाला आधी दाखवावा असा आहे. कुठल्या हायड्रोजनची आम्लता किती हे हाताशी असलं की कुठला बेस कुठला प्रोटॉन काढेल ते पाठ करावं लागत नाही. जपानच्या एआयएसटी संस्थेने एसडीबीएस हा वर्णपटांचा साठा १९९७ मध्येच सर्वांना खुला केला होता. ज्या कॉलेजात एनएमआर यंत्र कधीच येणार नव्हतं, तिथल्या मुलांनी खरे वर्णपट पहिल्यांदा बघितले ते तिथे.

त्यानंतर मोठी नावं आली. एमआयटीने २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम खुले करण्याची घोषणा केली, आपल्या आयआयटी आणि आयआयएस्सीने २००३ पासून एनपीटेल उभं केलं. एनपीटेलबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. विषयाची खोली निर्विवाद. पण सुरुवातीच्या कित्येक व्याख्यानांत कॅमेरा फळ्यापेक्षा वक्त्यावरच जास्त, आणि बाण नेमका कुठून निघाला हे दिसायच्या आत फळा पुसलेला. २०१४ पासून परीक्षा आणि प्रमाणपत्रं आली, तशी मुलं नाव नोंदवू लागली. प्रमाणपत्रासाठी का होईना, बारा आठवडे दर आठवड्याला गृहपाठ सोडवला की हात बसतोच. अलीकडे काही व्याख्यानांचा मजकूर मराठी, गुजरातीतही मिळतो, ही सोय समासारख्या वस्तीत फार मोलाची आहे. इथे एकाच बाकावर तीन माध्यमांची मुलं असतात.

येलच्या मायकेल मॅकब्राइड यांची २००८ सालची व्याख्यानं ज्याने बघितली, त्याला ती विसरता येत नाहीत. रेणू आहे असं तुम्ही म्हणता, पण कशावरून, हाच प्रश्न ते सत्रभर वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत राहतात. परीक्षेच्या दृष्टीने यातलं फारसं उपयोगी नाही. माझ्याकडच्या दहांतल्या नऊ मुलांनी दुसऱ्या व्याख्यानालाच रामराम ठोकला, आणि दहाव्याला मात्र रसायनाचं वेड लागलं. खान अकॅडमीचं नेमकं उलट: सोपं, गोड, कंटाळा न आणणारं, पण बघणाऱ्याला समजल्याचा भास फार लवकर होतो.

याच सुमारास, २०१० च्या आसपास, जेम्स ॲशनहर्स्ट यांनी ‘मास्टर ऑर्गॅनिक केमिस्ट्री’ सुरू केलं. माझ्या मते या साऱ्या काळात बी.एस्सी.च्या मुलांचं सर्वांत जास्त भलं त्यांनी केलं. अल्कीनच्या अभिक्रियांची लांबलचक यादी पाठ करणाऱ्या मुलांना ते तीन वाटा दाखवतात: कार्बोकॅटायनची, तीन अणूंच्या कड्याची आणि एकाच झटक्यात होणारी. एवढं कळलं की मार्कोव्हनिकोव्ह कुठे लागतो, कुठे नाही, कुठे सिन आणि कुठे अँटी, हे आपोआप जागेवर बसतं. पाठ्यपुस्तकांतही ही माहिती सगळी असते, पण चार प्रकरणांत विखुरलेली.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि ‘फुकट’ या शब्दात डेटाही धरला जाऊ लागला. त्याआधी एक व्याख्यान उतरवायला रात्र लागायची. २०२० च्या टाळेबंदीत तर समा-सावली रोडवरच्या इमारतींत एकेका घरात दोन-दोन वर्ग एकाच वेळी चालू, आणि माझी शिकवणीही फोनवर. त्या वर्षाने एक नुकसानही केलं. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं आणि एसएन-२ मध्ये रेणू छत्रीसारखा उलटा होताना दाखवणारी कितीतरी जुनी चलचित्रं एका रात्रीत मेली. त्याच वर्षी राइश वारले. त्यांचा संग्रह अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सेंद्रिय विभागाने सांभाळला म्हणून वाचला. रॉइश यांच्या पुस्तकाचा बराच भाग डेल्मार लार्सन यांनी कॅलिफोर्नियात उभारलेल्या लिब्रेटेक्स्ट्समध्ये सामावला गेला. एकट्या मास्तराने केलेलं काम असं कुणीतरी उचलून घ्यावं लागतं, नाहीतर सर्व्हरबरोबर तेही जातं.

२०२३ मध्ये जॉन मॅकमरी यांनी जे केलं त्याला प्रकाशन व्यवहारात तोड नाही. १९८४ पासून विकलं जाणारं, जगभर नेमलेलं त्यांचं पाठ्यपुस्तक. त्याची दहावी आवृत्ती त्यांनी ओपनस्टॅक्सकडून सर्वांना मोफत दिली. सिस्टिक फायब्रोसिसने गेलेल्या मुलाच्या, पीटरच्या, स्मरणार्थ. जे पुस्तक आमच्या वेळी ग्रंथालयाबाहेर न्यायची परवानगी नसे, ते आता बारावीतली मुलगी बसमध्ये फोनवर वाचते.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत राहिली आहे. बेकमन पुनर्रचना घ्या. दहा-बारा चांगले व्हिडिओ आहेत, बाण अचूक आहेत: ऑक्झाइमवरचा हायड्रॉक्सिल निघतो, त्याच्या विरुद्ध बाजूचा गट नायट्रोजनवर सरकतो, सहाचं कडं सातचं होतं, कॅप्रोलॅक्टम तयार. पण हीच अभिक्रिया छाणीच्या पलीकडे, जीएसएफसी या खत कंपनीच्या कारखान्यात टनांवारी चालते, हे त्यातला एकही व्हिडिओ सांगणार नाही. खतांची कंपनी नायलॉनचा कच्चा माल का बनवते, हे तर नाहीच. जुन्या पद्धतीत ही पुनर्रचना ओलियममध्ये होते, मग ते आम्ल अमोनियाने मारावं लागतं आणि कॅप्रोलॅक्टमपेक्षा जास्त वजनाचं अमोनियम सल्फेट हाती येतं. दुसरा कुणी त्या ढिगाने हैराण होईल. खतवाल्याकडे अमोनिया घरचा आणि सल्फेटला गिऱ्हाईकही घरचंच. ही गोष्ट सांगितली की वर्गात कुणीतरी मान वर करून म्हणतं, “सर, माझे पप्पा त्याच प्लांटला आहेत.” फुकटच्या साधनांतली बहुतेक अमेरिकेत बनलेली, त्यांना समा कुठून ठाऊक असणार? पण बडोद्याच्या कारखान्यांतल्या अभिक्रियांवर इथल्याच कुणी, मराठीत किंवा गुजरातीत, अशी पानं लिहिलेली माझ्या तरी पाहण्यात नाहीत. निवृत्त झालेले कितीतरी अभियंते आणि रसायनतज्ज्ञ या भागात राहतात, संध्याकाळी बागेत भेटतात आणि शेअर बाजारावर बोलतात.

प्रयोगाचं तर विचारूच नका. ‘ऑर्गॅनिक सिंथेसीज’ १९२१ पासून चालू आहे, आता सगळं फुकट वाचता येतं, आणि त्यातली प्रत्येक कृती दुसऱ्या प्रयोगशाळेत करून बघितल्याशिवाय छापत नाहीत. त्यातल्या टिपा मी मुलांना वाचायला लावतो: मिश्रण कधी पिवळं पडतं, थेंब किती सावकाश सोडायचे, कुठे घाई केली की उत्पादन घसरतं. वास आणि चिकटपणा मात्र त्यातूनही येत नाही.

जूनमध्ये नवी बॅच आली की मी आता यादी देत नाही. यादी दिली की मुलं ती फोनमध्ये साठवतात आणि उघडत नाहीत. मॅकमरीचं पहिलं प्रकरण, त्याखालचे प्रश्न वहीत पेन्सिलीने, अडलं तर ॲशनहर्स्टचं एकच पान, आणि व्हिडिओ रविवारी. कुणी ऐकतं, कुणी नाही.