दोन भाषा, एक करार

६ फेब्रुवारी १८४० रोजी न्यूझीलंडमधील वैतांगी येथे, ब्रिटिश राणीच्या वतीने कॅप्टन विल्यम हॉब्सन आणि माओरी टोळ्यांचे प्रमुख यांच्यात एक करार झाला. पुढील काही महिन्यांत त्यावर पाचशेहून अधिक प्रमुखांच्या सह्या झाल्या. शेजारच्या ऑस्ट्रेलियात इंग्रज सरकारला मूळ रहिवाशांशी असा कोणताही करार करण्याची गरज भासली नव्हती. त्या मानाने वैतांगीचा करार उदारच म्हणावा लागेल. तथापि तोच करार पिढ्यान् पिढ्यांच्या कलहाचे मूळ ठरला, आणि याचे कारण प्रथमतः भाषेत सापडते.

इंग्रजी मसुद्याचे माओरी भाषांतर मिशनरी हेन्री विल्यम्स आणि त्यांचा मुलगा एडवर्ड यांनी एका रात्रीत केले. इंग्रजी मजकुरानुसार प्रमुखांनी आपले सार्वभौमत्व राणीला अर्पण केले होते. माओरी मजकुरात मात्र तेथे 'कावानातांगा' हा शब्द आला. 'गव्हर्नर' या शब्दावरून घडविलेल्या या शब्दाचा अर्थ केवळ राज्यकारभार असा होतो. उलट आपली भूमी, गावे व मौल्यवान गोष्टी यांवरील प्रमुखांचा पूर्ण अधिकार त्याच मजकुराने कायम ठेवला होता. बहुसंख्य प्रमुखांनी सही केली ती याच माओरी मजकुरावर. एकाने राज्य घेतले. दुसऱ्याच्या समजुतीप्रमाणे त्याने फक्त कारभार दिला होता!

१८४० साली तेथे युरोपीय वसाहतवाले जेमतेम दोन हजार होते; १८५८ च्या सुमारास त्यांची संख्या माओरींहून अधिक झाली. संख्येबरोबर जमिनीची भूकही वाढली. वैतांगी येथे सर्वप्रथम सही करणारे होने हेके आणि त्यांचे अनुयायी यांनीच १८४४-४५ मध्ये कोरोरारेका येथील ब्रिटिश ध्वजस्तंभ चार वेळा तोडला. १८६० नंतरच्या युद्धांत 'बंडखोरी'च्या नावाखाली वैकाटो व अन्य प्रदेशांतील लक्षावधी एकर जमीन जप्त झाली. १८६३ चा कायदा त्यासाठीच करण्यात आला होता. पुढे १८७७ साली मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी हा करार शून्यवत असल्याचा निर्वाळा दिला.

परंतु दुर्बळांनी जपलेला कागद सहजासहजी नष्ट होत नाही. १९७५ साली ७९ वर्षांच्या व्हिना कूपर यांच्या नेतृत्वाखाली भूमीच्या प्रश्नावर सुदूर उत्तरेपासून वेलिंग्टनपर्यंत पदयात्रा निघाली. त्याच वर्षी वैतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले आणि १९८५ मध्ये त्याला थेट १८४० पासूनच्या तक्रारी तपासण्याचा अधिकार मिळाला. १९९५ साली वैकाटोच्या टोळ्यांना १७ कोटी डॉलरांची भरपाई मान्य झाली. त्यासंबंधीच्या कायद्यात क्षमायाचना होती आणि त्यावर खुद्द राणी एलिझाबेथ यांनी स्वाक्षरी केली. प्रमुखांनी १८४० साली सार्वभौमत्व सोडलेच नव्हते, असा निष्कर्ष न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये नोंदविला.

गेलेल्या भूमीच्या मानाने ही भरपाई अल्पच होती, यात शंका नाही. तरीही राज्यसंस्थेने आपल्याच पूर्वजांच्या सहीचा अर्थ दुसऱ्या पक्षाच्या भाषेत वाचण्याची तयारी दाखविली, ही गोष्ट लहान नव्हे. करार बलवानाच्या लेखणीने लिहिले जातात. त्यांचा न्याय व्हायचा असेल, तर ते दुर्बळाच्या समजुतीनेही वाचले गेले पाहिजेत.