पडद्यामागचें पथ्य

धुळ्याहून आग्रा रस्त्यानें उत्तरेकडे निघालें म्हणजे थोड्याच वेळांत सोनगीरची टेकडी दिसूं लागते. माथ्यावर जुन्या किल्ल्याचे अवशेष, पायथ्याशीं गांव, आणि गांवांत तांब्यापितळेच्या भांड्यांवर पडणारे हातोड्यांचे ठोके, अशी या गांवाची ख्याति. गेल्या हिवाळ्यांत कांहीं घरगुती कामानिमित्त आम्ही तेथें चार दिवस राहिलों होतों. त्या मुक्कामांत जवळच्या एका खेड्याच्या यात्रेंत तमाशाचा खेळ पाहण्याचा योग आला. यजमानांच्या ओळखीमुळें खेळापूर्वीं आम्हांस कनातीआड जावयास मिळालें, आणि तेथें जें दिसलें तें खेळापेक्षां अधिक मनांत राहिलें.

दहाबारा हात लांबीच्या त्या जागेंत पंधरावीस माणसें दाटीनें बसलीं होतीं. एकच आरसा हातोहात फिरत होता. पावडरीचा पफ एक, सफेत्याची वाटी एक, पाण्याचा पेला एक. कोपऱ्यांत एक तरुण मुलगी शाल पांघरून बसली होती. अंगांत ताप असल्याचें तिच्या डोळ्यांवरूनच कळत होतें. ‘आजच्या दिवस विश्रांति कां घेत नाहींस?’ असें आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, तेव्हां ती हंसून म्हणाली, ‘ताई, उभं राहिलं तर रातचा पगार. पडून राहिलं तर औषदाला पैसा कुठला?’ अर्ध्या तासानें तीच मुलगी ढोलकीच्या तालावर नाचत होती आणि मंडप टाळ्यांनीं दणाणून गेला होता. आम्ही सोनगीर सोडलें त्या दिवशीं यजमानांकडून कळलें कीं, त्या संचांतील आणखी चौघांनीं अंथरूण धरलें आहे.

हा प्रसंग केवळ हळहळून सोडून देण्यासारखा नाहीं. त्या मुलीचें उत्तर खोटें नव्हतें, आणि त्या चौघांचें दुखणेंहि खोटें नव्हतें. या दोन खऱ्या गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

नाटक आणि सांथ यांचें वैर फार जुनें आहे. लंडन शहरांत १५९२ सालीं प्लेग उद्भवला तेव्हां तेथील नाटकगृहें थोड्याफार खंडानें दोन वर्षें बंदच राहिलीं, आणि खुद्द शेक्सपीअरनें त्या काळांत नाटकें बाजूस ठेवून दीर्घ काव्यें लिहिलीं. आपल्याकडे १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगास यांनीं प्लेगचें निदान केलें, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. स्टेशनांवर उतारूंची तपासणी, घरांच्या झडत्या, गांव सोडून माळावरच्या झोंपड्यांत काढलेले दिवस, या गोष्टी आपल्यापैकीं पुष्कळांनीं घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या असतील.

विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस जिचा पाया घातला आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं ‘शाकुंतला’नें जिला संगीताचा साज चढविला, ती आपली रंगभूमि त्या काळीं बिऱ्हाड पाठीवर घेऊन गांवोगांव हिंडत असे. कंपनीचें बिऱ्हाड एक, मुदपाकखाना एक, पंगत एक. राजाचें सोंग घेणारा आणि पडदा ओढणारा एकाच घागरीचें पाणी पीत. अशा संसारांत शिरलेला रोग एकट्याचा राहणें कठीणच. पट्टीचा गवई झाला म्हणून रोग त्याची गय करीत नाहीं. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं ‘संयुक्त मानापमाना’चा जो प्रयोग केला, त्याची आठवण महाराष्ट्रानें आजपर्यंत जपली आहे. परंतु त्यानंतर तीन महिनेहि लोटले नाहींत तोंच, ४ ऑक्टोबर रोजीं, केशवराव विषमज्वरानें गेले. त्यांचें वय अवघें एकतीस वर्षांचें होतें.

नाटकवाल्यांच्या धर्मांत एक वचन सर्वांत मोठें मानलें जातें: कांहींहि होवो, खेळ झालाच पाहिजे. १२ मार्च १९११ रोजीं ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरी त्यांनीं प्रयोग रद्द होऊं दिला नाहीं. तोंडास रंग लावून ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही कथा ऐकून ज्याचा ऊर भरून येत नाहीं असा मराठी माणूस विरळा. आम्हीहि त्या निष्ठेपुढें नतमस्तक आहों. परंतु एक भेद येथें विसरतां कामा नये. दुःख हें ज्याचें त्याचें असतें; तें गिळून माणूस उभा राहिला तर भार त्याच्या एकट्याच्या छातीवर पडतो. सांथीचा ताप हा असा कोणा एकट्याचा नसतो. तो घेऊन रंगपटांत येणारा नट आपल्याबरोबर रंगभूषाकाराचा, वाजविणाऱ्याचा आणि पहिल्या रांगेंत बसलेल्या म्हाताऱ्या प्रेक्षकाचाहि जीव पणास लावतो. पहिल्या गोष्टीस आम्ही त्याग म्हणतों. दुसरीस तेंच नांव देणें हा शब्दाचा दुरुपयोग होय.

पथ्य सांगावयाचें तर रोगाची वाट आधीं ओळखली पाहिजे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचीस दाखविलें. तेथें उपाय उंदीर आणि धान्याच्या कोठारांचा. विषमज्वर पाण्यांतून व अन्नांतून येतो. तेथें उपाय घागरीचा आणि स्वयंपाकघराचा. १९१८ च्या इन्फ्लुएंझानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. तो आणि शंभर वर्षांनीं आलेला कोविड हे दोन्ही मुख्यतः श्वासावाटे पसरणारे. येथें उपाय हवेचा. कोविडच्या आरंभीं लोक खुर्च्या आणि दारांच्या कड्या पुसण्यांत दमून गेले. बंद खोलींतली कोंडलेली हवा हाच खरा शत्रू आहे हें सर्वांस पटावयास बराच काळ जावा लागला. आणि नाटकगृहांतली सर्वांत कोंदट खोली कोणती? प्रेक्षागाराची नव्हे, तर रंगपटाची.

१३ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें कोविडसाठीं जो कायदा लागू केला तो तोच, १८९७ चा. नाटकगृहांस कुलपें लागलीं. २५ मार्च रोजीं, गुढीपाडव्याच्याच दिवशीं, सारा देश बंद झाला. तमाशा मंडळांच्या दृष्टीनें याहून वाईट मुहूर्त असूं शकत नव्हता. पाडव्यापासून वैशाखापर्यंत गांवोगांवच्या यात्रा. त्यांच्या सुपाऱ्या नारायणगांवच्या राहुट्यांत ठरावयाच्या. आणि त्या दोन महिन्यांच्या कमाईवर पावसाळा काढावयाचा. धुळ्याच्या एकवीरादेवीची चैत्री पौर्णिमेची यात्रा काय किंवा अमळनेरच्या सखाराममहाराजांची वैशाखांतली यात्रा काय, ज्या यात्रांवर खानदेशांतलीं शेंकडों पोटें अवलंबून, त्या यात्राच थांबल्या. पुढच्या वर्षीं एप्रिलांत पुन्हां निर्बंध आले आणि दुसराहि हंगाम बुडाला.

मधल्या काळांत, ५ नोव्हेंबर २०२० रोजीं, म्हणजे मराठी रंगभूमिदिनींच, निम्म्या आसनांवर नाटकें करण्यास परवानगी मिळाली. दुसऱ्या बंदीनंतर २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हां तशीच सवलत मिळाली. आणि १ एप्रिल २०२२ पासून सर्व निर्बंध उठले. निम्मीं आसनें म्हणजे निम्मी मिळकत; परंतु गाडीचें भाडें, दिव्यांचा खर्च आणि माणसांचा मेहनताना निम्मा होत नाहीं, हें गणित कोणत्याहि गृहिणीस समजेल.

त्या काळांत रंगपटासाठीं जे नियम झाले त्यांचा आशय साधा होता: मुखपट्टी लावावी, लस टोंचून घ्यावी, बाहेरच्यांनीं आंत येऊं नये, रंगसाहित्य एकमेकांचें वापरूं नये, ताप असलेल्यानें घरीं राहावें. हे नियम फुकाचे नव्हते, हें एका दुःखद घटनेनें पटवून दिलें. ‘मत्स्यगंधा’नें नांवारूपास आलेल्या गोमंतकीय अभिनेत्री आशालता वाबगांवकर एका मालिकेच्या चित्रीकरणाच्या काळांत कोविडनें आजारी पडल्या आणि २२ सप्टेंबर २०२० रोजीं साताऱ्यास त्यांचें निधन झालें. कलावंतांचें काम असें आहे कीं तोंड झांकून तें करतां येत नाहीं. म्हणूनच पडद्यामागें त्यांची अधिक काळजी घ्यावी लागते.

परंतु नियमांपैकीं शेवटचा, म्हणजे ताप असलेल्यानें घरीं राहावें हा, पाळावयाचा कसा? आपल्या व्यावसायिक नाटकांतील बहुतेक पडद्यामागचीं माणसें प्रयोगागणिक मेहनताना घेतात. व्यवहारांत त्यास ‘नाइट’ म्हणतात. जी नाइट चुकली ती बुडाली. म्हणजे नियम सांगतो घरीं बसा, आणि चूल सांगते बाहेर पडा. अशा भांडणांत चुलीचाच जय होणार. म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, आजारी माणसास त्या दिवसाचा मेहनताना देणें हा धर्मादाय नव्हे. रंगपटाच्या आरोग्याचा तो पहिला नियम होय. प्रत्येक तिकिटामागें एकदोन रुपये बाजूस काढले तर असा निधि उभा राहणें अशक्य नाहीं.

दुसरी गोष्ट पर्यायी नटाची. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर डिसेंबर २०२१ मध्यें कोविडची लाट आली असतां ‘द म्युझिक मॅन’ या नाटकाची नायिका आजारी पडली, तेव्हां अनेक भूमिका तयार ठेवणारी कॅथी व्हॉयट्को ही नटी थोड्या तासांच्या तालमीवर उभी राहिली, आणि खेळ संपल्यावर नायकानें भर रंगमंचावर तिचा गौरव केला. एकाहून अधिक नकला तयार ठेवण्याची ही रीत आपणांसहि परकी नाहीं. परंतु आजचीं नाटकें एका नांवावर विकलीं जातात, आणि तें नांव आजारी पडलें म्हणजे प्रेक्षक पैसे परत मागतो. येथें दोष थोडा आपलाहि आहे.

रोगाखेरीज पडद्यामागें दुसरा वैरी म्हणजे आग. शिकागोच्या इरोक्वॉय नाटकगृहांत ३० डिसेंबर १९०३ रोजीं सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं, तेव्हां कोठें दारें बाहेरच्या बाजूस उघडलीं पाहिजेत ही गोष्ट जगास पटली. कोल्हापुरांत ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, त्यांच्याच नांवाचें ऐतिहासिक नाट्यगृह आगींत सांपडलें. सुदैवानें त्या वेळीं तेथें खेळ चालूं नव्हता. नियम संकटानंतर सुचतात आणि सुखांत विसरले जातात, हें रोग आणि आग या दोहोंसहि सारखेंच लागू आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचीं मुलें गणेशोत्सवांत किंवा शाळेच्या संमेलनांत काम करीत असतील. तेथला रंगपट म्हणजे बहुधा एक वर्गखोली. तेथें चार गोष्टी पाहणें घरच्या वडीलमाणसांस सहज शक्य आहे: खिडक्या उघड्या आहेत कीं नाहींत, प्रत्येक मुलाचा पफ व पाण्याचा पेला वेगळा आहे कीं नाहीं, विजेच्या तारा कपड्यांपासून दूर आहेत आणि दोन्हीं दारें मोकळीं आहेत कीं नाहींत, आणि तापलेल्या मुलास घरीं ठेवण्याइतका धीर आपल्यांत आहे कीं नाहीं. यांतली चौथी गोष्ट सर्वांत कठीण. मूल रडेल, शिक्षक नाराज होतील, शिवलेला पोषाख वायां जाईल. तरी त्याची नक्कल दुसऱ्या मुलास आधींच शिकवून ठेवावी आणि पुढच्या वर्षीं त्यास मोठें काम द्यावें.

सोनगीरहून निघतांना आम्ही एक पितळी पातेलें घेतलें. दुकानदारानें तें सोन्यासारखें लखलखीत करून हातांत ठेवलें आणि वर बजावलें, ‘आंतून कल्हई केल्याशिवाय यांत कांहीं शिजवूं नका, अन्न कळकेल.’ गाडी धुळ्याच्या वाटेस लागली तरी आमच्या डोळ्यांसमोरून ती शाल पांघरलेली मुलगी हलत नव्हती. बाहेरच्या लकाकीस टाळ्या देणाऱ्यांत आम्हीहि होतों. आंतल्या कल्हईची चौकशी करणें हें यापुढें आम्ही प्रेक्षकांनीं आपलें काम समजावें, इतकीच विनंति.