लंडन दाखवायचे म्हणजे...

जानेवारीतच फोन येतो. 'मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत आम्ही चौघे लंडनला येतोय. दहा दिवस आहोत. तुझ्याकडेच उतरतो, चालेल ना?' फोन करणारा शाळेतला किंवा कॉलेजच्या वसतिगृहातला मित्र असतो. त्यामुळे 'चालेल ना' हा प्रश्न नसतोच. हॅरो, वेम्ब्ली, हाउन्स्लो अशा उपनगरांतून राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा फोन चांगला परिचयाचा आहे. त्याचा आनंद खराच असतो. पण फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभे राहून नवरा-बायको जो हिशेब मांडतात, तोही तितकाच खरा असतो.

हा हिशेब रजेचा असतो. ब्रिटनमध्ये आठवड्याचे पाच दिवस पूर्णवेळ काम करणाऱ्याला कायद्याने वर्षाला किमान २८ दिवसांची पगारी रजा मिळते. मात्र इंग्लंडमधल्या आठ सार्वजनिक सुट्ट्या मालकाला त्यातच धरता येतात. उरतात वीस. काही कंपन्या जास्त रजा देतात. पण मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या, दुखणीखुपणी आणि मुख्य म्हणजे वर्षातली एक भारतवारी त्यातूनच भागवायची असते. पुण्यात आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले असेल आणि त्याच वर्षी दोन कुटुंबे पाहुणी येणार असतील, तर कोणाबरोबर किती दिवस फिरायचे हा प्रश्न अवघड होऊन बसतो. दादरच्या मित्राच्या हे लक्षात येत नाही, यात त्याचा दोष नाही. त्याच्याकडे पाहुणे येतात तेव्हा घरात आजी असते, कामाला बाई असते, शेजारचा मुलगा पाहुण्यांना गेटवेपर्यंत पोहोचवून येतो. लंडनमध्ये ही सगळी खाती दोघा नवरा-बायकोंकडेच असतात.

पाहुणे येतात ते यादी घेऊन. बिग बेन, टॉवर ब्रिज, राजवाडा, मादाम तुसाँ, लंडन आय, लॉर्ड्‌स. यादीत वावगे काही नाही. घोटाळा होतो तो अंतरांचा आणि त्याला भुयारी रेल्वेचा प्रसिद्ध नकाशा बराचसा कारणीभूत आहे. हॅरी बेक या आरेखकाने काढलेला आणि १९३३ मध्ये लोकांच्या हाती आलेला हा नकाशा स्थानकांचा क्रम अचूक सांगतो, पण त्यातली अंतरे प्रमाणात नाहीत. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्थानकांमध्ये जेमतेम २६० मीटर अंतर आहे. तरीही पाहुणे सरकत्या जिन्याने खोल उतरतात, गाडीची वाट पाहतात आणि पलीकडे लिफ्टच्या रांगेत उभे राहतात. रस्त्याने गेले असते तर पाच मिनिटांत पोहोचले असते. मध्य लंडन हे पायी पाहायचे शहर आहे. पाहुण्यांना तिकिटांआधी बूट चांगले आणायला सांगणारा यजमान शहाणा म्हटला पाहिजे.

तिकिटांचे तंत्र मात्र पहिल्याच संध्याकाळी समजावून द्यावे लागते. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. प्रत्येक प्रवाशाकडे स्वतःचे ऑयस्टर किंवा बँकेचे स्पर्शविरहित कार्ड हवे; एका कार्डावर चौघांना आत जाता येत नाही. भुयारी रेल्वेत शिरताना जे कार्ड लावले तेच बाहेर पडताना लावायचे. शिरताना कार्ड आणि बाहेर पडताना त्याच कार्डाशी जोडलेला मोबाइल लावला, तरी यंत्र ते दोन वेगळे प्रवासी समजते आणि दोन्हींवर जादा भाडे पडते. दिवसभरात कितीही फिरले तरी ठरावीक कमाल रकमेपुढे पैसे कापले जात नाहीत, अकरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांबरोबर बस आणि भुयारी रेल्वे मोफत आहे, आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर निघाल्यास रेल्वेभाडे कमी पडते. हे शेवटचे यजमानाच्या विशेष सोयीचे. तो स्वतः साडेसातला घर सोडतो. पाहुण्यांनी निवांत पोहे खाऊन, डबा भरून निघावे.

म्हणजे पाहुण्यांनी एकट्याने फिरावे? बरेच यजमान इथेच संकोचतात. आपल्याकडे पाहुण्याला एकटे सोडणे बरे दिसत नाही. पण लंडनमधली कितीतरी ठिकाणे अशी आहेत, की तिथे सोबत असणारा माणूस घाई करणाराच ठरतो. ब्रिटिश म्युझियम हे त्यातले पहिले. प्रवेशाला पैसे नाहीत, आणि अमरावतीच्या स्तूपावरची शिल्पे ज्या दालनात आहेत तिथे कोणी तासभर रेंगाळले तर त्याला रेंगाळू द्यावे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये टिपूचा वाघ आहे. मराठी पाहुणा तिथे दुसऱ्याच वाघाची चौकशी करतो. ती वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीने महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. शिवाजी महाराजांनी अफझलखानावर चालवली ती हीच, याला खात्रीलायक पुरावा नसल्याचे खुद्द या म्युझियमने म्हटलेले आहे. हे जेवणाच्या टेबलावर सांगितले की पुढचा तास वादात जातो, आणि तो वाद कोणत्याही प्रेक्षणीय स्थळाइतकाच रंगतो.

यजमानाच्या मदतीला खरा धावून येतो तो सूर्य. मेअखेरीस लंडनला सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये त्याहूनही उशिरा. साडेपाचला कचेरी सुटली तरी तीन-साडेतीन तासांचा उजेड हातात असतो आणि एका दिवसाचीही रजा खर्ची पडत नाही. वॉटर्लूला पाहुण्यांना भेटावे, थेम्सच्या दक्षिण काठाने चालत सुटावे, पलीकडच्या तीरावर पार्लमेंटपासून सेंट पॉलच्या घुमटापर्यंत सारे ओळीने दिसत जाते. बिग बेन हे मनोऱ्याचे नव्हे तर आतल्या घंटेचे नाव, आणि मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात, ही माहिती प्रत्येक यजमान प्रत्येक पाहुण्याला देतोच. नाताळात येणाऱ्यांना मात्र आधीच बजावलेले बरे. तेव्हा चारच्या आत अंधार पडतो.

रजा घ्यायचीच तर ती कुठे घ्यावी? ज्या लंडनची माहिती प्रवासी कंपन्यांच्या बसमध्ये मिळत नाही, तिथे. चॉक फार्म स्थानकापासून थोडे चालले की १०, किंग हेन्‌रीज रोड हे घर लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे विद्यार्थी असताना इथे राहत होते. रुपयाच्या प्रश्नावरील ज्या प्रबंधासाठी त्यांना १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली, त्याचा अभ्यास याच वर्षांतला. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढची कथा फारशी सांगितली जात नाही. निवासी रस्त्यावर स्मारक केल्याने वर्दळ वाढते, अशी काही शेजाऱ्यांची तक्रार होती. स्थानिक कॅम्डेन कौन्सिलने वापरातल्या बदलाला परवानगी नाकारली, प्रकरण अपिलात गेले, रीतसर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी स्मारकाला मान्यता दिली. ज्या शांततेत बसून बाबासाहेबांनी वाचन केले, त्याच रस्त्याच्या शांततेचा हा तंटा. दोन्ही बाजू कळणारा माणूस यजमानच असतो, कारण आपल्या घराच्या दारात पाहुण्यांनी रात्री मोठ्याने गप्पा मारल्या म्हणून शेजाऱ्याची नापसंती त्यानेही अनुभवलेली असते.

लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले ते १०, हाउली प्लेस हे घर मेडा व्हेल भागात कालव्याजवळ आहे. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्याविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते लंडनला आले होते. हायगेटच्या ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवर स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या नावाची पाटी आहे. पंडित श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये स्थापन केलेले 'इंडिया हाऊस' ते हेच. या दोन्ही ठिकाणी आत पाहण्यासारखे काही नाही. लोक तिथे राहतात. फुटपाथवरून पाटी वाचायची, छायाचित्र घ्यायचे, बेल वाजवायची नाही. तरीही, मादाम तुसाँला थकून गेलेली माणसे इथे दहा-दहा मिनिटे नुसती उभी राहतात असा यजमानांचा अनुभव आहे.

लॉर्ड्‌सची गंमत निराळी. ड्रेसिंग रूममधल्या शतकवीरांच्या फलकावर पाहुणा आधी सचिन तेंडुलकरचे नाव शोधतो आणि ते नसते. सचिनचे कसोटी शतक तिथे कधी झालेच नाही. मग दिलीप वेंगसरकरांचे नाव सापडते, १९७९, १९८२ आणि १९८६ असे तीनदा, आणि शिवाजी पार्कची अब्रू राखल्यासारखा चेहरा होतो. वेंगसरकर तिथले नव्हते, दादर युनियनचे, ही दुरुस्तीही लगेच कोणीतरी करतोच.

आठव्या-नवव्या दिवशी यादी संपत येते. पाय दुखत असतात. अशा वेळी पाहुणे म्हणतात, 'आज कुठे नको, तू रोज काय करतोस ते दाखव.' मग रविवारी सकाळी यजमान त्यांना कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात नेतो, घराच्या पाठीमागची बाग दाखवतो, कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या आठवड्यात बाहेर ठेवायचा हे सांगतो. वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर कढीपत्ता आणि हापूसची पेटी घेतो. जवळच नीस्डनचे १९९५ मध्ये उभे राहिलेले स्वामीनारायण मंदिर आहे, तिथे जाऊन येतात. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू आहे. १९३२ पासूनची ही संस्था आणि तिथला गणेशोत्सव यांच्याबद्दल तो बोलू लागला की थांबत नाही. आजवर वेळापत्रकाकडे डोळा ठेवून बोलणारा मित्र आता सावकाश बोलतो आहे, हे पाहुण्यांच्या ध्यानात येते.

आणखीही एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येते. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' यांत फरक आहे. पहिल्या दिवशी विमानतळावर यजमान म्हणालेला असतो, 'आपल्याकडे आंबे आले असतील ना?' नवव्या दिवशी, डबा बाहेर ठेवता ठेवता, तो सहज म्हणून जातो, 'आमच्याकडे कचऱ्याची गाडी मंगळवारी येते.' मित्र मान वर करून त्याच्याकडे पाहतो. बायकोही पाहते. मग कोणीतरी चहाचे विचारते आणि सगळे आत जातात.