मॉलला बाय, डहाणूला हाय!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसमधून सुटलात की पावलं कुठे वळतात? गेमिंग झोन, बोलिंगच्या दोन राउंड, मग फूड कोर्ट. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच! बोअर झालात ना? मग एक वीकएण्ड वेस्टर्न लाइनच्या उत्तर टोकाला, डहाणू-तलासरीला देऊन बघा. इथे एसी आर्केड शोधत बसू नका. इथली धमाल उघड्यावर चालते.

पाळण्याचा सीझन

इथलं आर्केड वर्षातून एकदाच उघडतं! मुंबई-अहमदाबाद हायवेवर, चारोटीजवळ विवळवेढे इथे महालक्ष्मीचं देऊळ आहे. चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीला यात्रा सुरू होते ती चांगली पंधरा दिवस चालते. मध्यरात्री डोंगरावर देवीचा ध्वज चढतो आणि खाली आकाशपाळणे, मौत का कुआँ, खेळण्यांची दुकानं असा सगळा माहोल. पाड्यापाड्यांवरून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. घरातल्या सामानाची खरेदीही इथेच उरकते. उन्हं कलल्यावर जा, खरी रंगत तेव्हाच.

समुद्र, फुल साइज

डहाणूत पारनाक्याचा किनारा आहेच, पण सुरूच्या सावलीतली बोर्डी गाठाच. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की क्रिकेटचं अख्खं मैदान तयार होतं. फक्त भरतीची वेळ आधी विचारून घ्या, नाहीतर सामना ड्रॉ! बोर्डीला लागूनच तलासरी तालुक्यातलं झाई. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं हे शेवटचं गाव, पलीकडे थेट गुजरात.

पोटोबाचं काय? डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं. इराणी-पारशी बागायतदारांनी रुजवलेल्या या फळाचे चिप्स मिळतात, लोणचं मिळतं, चक्क वाइनसुद्धा! चिकूचा फेस्टिव्हलही आहे, तो २०१३ साली बोर्डीत सुरू झाला. उन्हाळ्यात ताडगोळे आणि थंडीत कुणी आग्रहाने बोलावलंच, तर उकडहंडी. नाही म्हणू नका!

डीजे नको, तारपा लाव

सुकलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचं पान यांतून तारपा घडतो. वाजवणारा मध्ये आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून फिरणारा फेर. वारली चित्रातला तो गोल आठवला? तोच हा. डहाणूतल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. भातकापणीच्या दिवसांत पाड्यांवर तारपा घुमतो. पण लक्षात ठेवा, हा तुमच्यासाठी लावलेला शो नाही. आधी विचारा, कॅमेरा नंतर काढा.

हे सगळं वाचलं कसं?

मुंबईच्या इतक्या जवळ असूनही इथे वाड्या आणि किनारे शिल्लक राहिले, हा काही नुसता योगायोग नाही. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि उद्योगांवर मर्यादा आल्या. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर १९९६ साली त्यावर देखरेखीसाठी खास प्राधिकरणही नेमलं गेलं.

आता मात्र गेम बदलतोय. याच तालुक्यात वाढवणला तब्बल ७६,२२० कोटी रुपयांचं बंदर येतंय. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. सरकार रोजगाराचं आश्वासन देतंय, तर मासेमारीच्या जागा जातील म्हणून मच्छीमार विरोधात उभे आहेत. नोकरीसाठी रोज गाडीत लटकणाऱ्या इथल्या पोरांना घराजवळ काम हवंय, हेही तितकंच खरं. आपण दोन दिवसांचे पाहुणे. निदान ज्या किनाऱ्यावर लोळायला जातो, त्याचं काय चाललंय हे माहीत तरी असावं!

कसं जाल?

एप्रिल २०१३ पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते. मात्र फेऱ्या मोजक्या आहेत, तेव्हा टाइमटेबल पाहूनच निघा. विरारला गाडी बदलूनही जाता येतं. डहाणूहून बोर्डी साधारण १७ किलोमीटर, घोलवड स्टेशनवर उतरलात तर अगदी जवळ. महालक्ष्मीला जायचं तर डहाणू रोडहून चारोटीच्या दिशेने. टोपी घ्या, पाणी घ्या आणि किनाऱ्यावरचा आपला कचरा आठवणीने परत आणा. गेमिंग झोनचं कार्ड? ते घरीच राहू द्या.